रक्तदाब समजून घेताना – लेखांक 6 : तिचं बीपी, त्याचं बीपी

मागच्या आठवड्यात आपण मिठाचा हिशेब मांडला. आजचा प्रश्न दवाखान्यात सहसा कोणी विचारत नाही. नवरा-बायको दोघांनाही बीपी आहे, तर दोघांचा आजार सारखाच का?

निदानाचा आकडा सारखाच आहे. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 किंवा त्यापुढे राहिला, की तो उच्च रक्तदाब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 वर्षांवरच्या पुरुषांत हे प्रमाण 24 टक्के, तर स्त्रियांत 21 टक्के आढळलं. म्हणजे बीपी हा पुरुषांचा आजार, ही समजूत सोडून द्यायला हवी. खरा फरक आहे तो आजार कोणत्या वयात, कोणत्या वाटेने येतो यात.

तरुणपणी पुरुषांचा रक्तदाब सरासरीने जास्त असतो. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्त्रीच्या रक्तवाहिन्या लवचीक ठेवायला मदत करतं. पाळी गेली की हा आधार ओसरतो, वाहिन्या ताठर होऊ लागतात, पोटाभोवती चरबी साठते आणि साठीनंतर स्त्रिया या आजारात पुरुषांना गाठतात, पुढेही जातात. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 33 हजार लोकांच्या नोंदींवरच्या अभ्यासात तर असं दिसलं, की स्त्रियांचा रक्तदाब तरुण वयापासूनच पुरुषांपेक्षा जास्त वेगाने चढतो. म्हणून पस्तिशीतल्या बाईचं बीपी थोडं वाढलेलं दिसलं, की 'दगदग झाली असेल' म्हणून ते सोडून देणं धोक्याचं.

पाळी वेळेआधी थांबली, तर ही वाट आणखी आखूड होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या, अगदी तरुण वयात झालेल्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. चर्चा झाली ती मुख्यतः मजुरीच्या खाड्याची आणि गरज नसताना केलेल्या शस्त्रक्रियांची. पण गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले गेले असतील, तर त्या बाईचं इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं आणि हृदयविकाराचा धोका कितीतरी वर्षं अलीकडे येतो. अशा प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब नियमित मोजला जायला हवा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट : बाळंतपण. गरोदरपणाच्या 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर ते गंभीर लक्षण. तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं यांपैकी काहीही झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. उशीर झाला तर झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. बाळंतपणानंतर रक्तदाब बहुतेकींचा उतरतो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि ती नोंद कायमची विसरली जाते. ती विसरता कामा नये. अशा स्त्रियांना पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट-चौपट असते, हृदयविकाराची आणि पक्षाघाताची साधारण दुप्पट. त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं आणि वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा.

पुरुषाच्या आयुष्यात मात्र असा टप्पाच नाही, जिथे कोणी हक्काने त्याच्या दंडाला पट्टा बांधेल. गरोदरपणामुळे स्त्री निदान आरोग्य केंद्रात जाते. धडधाकट दिसणारा चाळिशीतला पुरुष कित्येकदा पहिल्यांदा मोजतो, तो छातीत कळ आल्यावर. दारू आणि तंबाखू त्याच्या वाट्याला जास्त, हेही खरं. पण दातांना मिश्री लावणाऱ्या मावशी-आजींनीही लक्षात घ्यावं, की मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

औषधांचं काय? रक्तदाब उतरवल्याने जीव वाचतात, हे ठामपणे दाखवणारा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास 1967 साली प्रसिद्ध झाला. त्यात 143 रुग्ण होते, सगळेच्या सगळे पुरुष. 2015 मधल्या स्प्रिंट या मोठ्या चाचणीतही स्त्रिया साधारण एक तृतीयांशच होत्या. तरी काही फरक आता पक्के माहीत आहेत. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला आणि अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज स्त्रियांमध्ये जास्त दिसते. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या गर्भाला घातक असल्याने मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं, त्या बदलून सुरक्षित औषध देता येतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींचा रक्तदाब वाढतो.

पुरुषांची अडचण वेगळी. काही औषधांनी लैंगिक दुर्बलता जाणवते आणि संकोचापोटी गोळीच बंद होते. ही गोष्ट डॉक्टरांशी बोलावी. पुष्कळदा उपाय निघतो. लैंगिक क्षमता ज्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते, उपचाराविना राहिलेला रक्तदाब त्याच वाहिन्यांचं आणखी नुकसान करतो, हेही ध्यानात असू द्यावं.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना स्त्रियांनी तीन गोष्टी न विचारताही सांगाव्यात : गरोदरपणी बीपी वाढलं होतं का, पाळी कधी थांबली आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. तिशी ओलांडलेल्या पुरुषांनी तक्रारीची वाट न पाहता जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. तिथे ही तपासणी मोफत होते. घरातल्या बाईला तपासणीला नेलंत, तर स्वतःचाही दंड पुढे करा.

(पुढील आठवड्यात : घरी रक्तदाब मोजताना होणाऱ्या चुका)