सुई टोचण्याआधी प्रशिक्षण : दवाखान्यातल्या कामगारांचा हक्क

पाटणचे ग्रामीण रुग्णालय असो, खेड्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र असो, की बाजारपेठेतला खासगी दवाखाना आणि लॅब. तिथे फरशी पुसणारे, कचरा उचलणारे अनेक जण आपल्याच वस्त्यांतले असतात. डॉक्टर आणि नर्स शिकून आलेले असतात. सफाई कामगाराच्या हाती मात्र बऱ्याचदा पहिल्याच दिवशी थेट झाडू दिला जातो. वापरलेली सुई टोचली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका असतो.

म्हणूनच जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण दिलेच पाहिजे. त्याच वेळी आरोग्य तपासणीही झाली पाहिजे. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, तसेच हातमोजे, बूट, मास्क पुरवणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. ठेकेदाराकडून आलेला कामगारही यातून वगळलेला नाही.

दवाखान्याने दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला अहवाल द्यायचा असतो. त्यात किती प्रशिक्षणे झाली, किती जणांना मिळाली, किती जण अजून राहिले आणि वर्षात किती अपघात झाले, हे लिहावे लागते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच वेळापत्रक ठरवावे. नवा माणूस आला की लगेच त्याला शिकवावे. तारीख, विषय आणि सही यांची नोंद ठेवावी. नुसते भाषण पुरेसे नाही. मराठीतून, हाताने करून दाखवले पाहिजे.

काय शिकवायचे?

पिवळी पिशवी : रक्ताने माखलेला कापूस, बँडेज.
लाल पिशवी : सलाईनच्या नळ्या, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे.
पांढरा, न टोचणारा डबा : सुया, ब्लेड.
निळा डबा : औषधांच्या काचेच्या बाटल्या, अँप्युल.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. पिशवी हाताने दाबू नये. हा कचरा घंटागाडीत टाकू नये.

सुई टोचलीच तर जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. ती पिळू नका, तोंडाने चोखू नका. ताबडतोब वरिष्ठांना सांगून नोंद करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. एचआयव्ही टाळण्याचे औषध गरजेचे ठरले तर पहिल्या दोन तासांत घेणे उत्तम. ७२ तासांनंतर उपयोग होत नाही. नोकरी जाईल या भीतीने लपवू नका.

आपल्या घरातही लक्ष द्या. इन्सुलिनची सुई ओल्या कचऱ्यात टाकली तर ती घंटागाडीवरच्या भावाबहिणींना टोचते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत सुया साठवा, झाकण घट्ट लावा आणि ती बाटली वेगळी, सांगून द्या.

घरातले कोणी दवाखान्यात कामाला असेल, तर त्यांना आजच विचारा : प्रशिक्षण कधी झाले? हिपॅटायटिस बी लसीचे तीनही डोस पूर्ण झाले का? सुई टोचली तर कोणाला सांगायचे, हे माहीत आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर सर्व कामगारांनी मिळून दवाखान्याच्या प्रमुखांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.