अनेक आलेख, समान संदर्भरेषा

एकाच विषयाचे अनेक आलेख शेजारीशेजारी मांडले जातात, तेव्हा त्यांतील रेषा आणि लेबले एकसारखी असली, तरच वाचकाला खरी तुलना करता येते. भारतीय हवामानशास्त्र विभाग कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या चार उपविभागांतील पावसाची दीर्घकालीन सरासरीशी तुलना करतो आणि फरक उणे १९ ते अधिक १९ टक्के या मर्यादेत असेल, तर तो पाऊस ‘सामान्य’ मानतो. म्हणून फरकाच्या चारही आलेखांत शून्य, उणे १९ आणि अधिक १९ या संदर्भरेषा, म्हणजे मूल्ये ज्यांच्याशी ताडून पाहायची त्या स्थिर रेषा, सारख्याच रंगात आणि जाडीत असाव्यात.

एक्सेलमध्ये अशी रेषा हाताने काढली, तर अक्षावरील मापनश्रेणी बदलताच ती चुकीच्या जागी राहते. याउलट, प्रत्येक ओळीत तेच मूल्य असलेला साहाय्यक स्तंभ आलेखाला नवी मालिका म्हणून जोडला, तर रेषा अक्षाबरोबर आपोआप सरकते. एक्सेलच्या २०१३च्या आवृत्तीपासून बिंदूंची लेबले थेट निवडलेल्या रकान्यांतून घेता येतात, त्यामुळे सर्व आलेख एकाच रकान्याशी जोडले असल्यास तेथील मजकूर सुधारताच सर्वत्र लेबल सुधारते. आलेखाचे स्वरूप साचा म्हणून जतन करता येते. मात्र उभ्या अक्षाची किमान आणि कमाल मर्यादा प्रत्येक आलेखात तपासून समान ठेवावी, कारण ती वेगळी असल्यास समान रेषाही दिशाभूल करतात.