आई परिचारिका होते

सोलापूर जिल्ह्यातील माढा हे तालुक्याचे गाव. ज्वारीची राने, उजनीच्या पाण्यावर वाढलेला ऊस, माढेश्वरीचे मंदिर आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे लहानसे स्थानक, अशी त्याची ओळख सांगता येईल. अशा गावातील एखाद्या गृहिणीला "आपण काय करता?" असे विचारले, तर "काही नाही, घरीच असते," असे उत्तर पुष्कळदा मिळते. ते खरे नसते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवणे, अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस पालटणे, बाळंतिणीला न्हाऊ घालणे, ही सर्व कामे तीच करीत असते. शुश्रूषा म्हणतात ती हीच. मग मुले थोडी हाताशी आल्यावर अशा स्त्रीला पुन्हा शिकून परिचारिका होता येईल काय?

हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात तो विचारला गेला आणि रमाबाई रानडे यांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविण्यास आरंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्याबद्दल त्यांना पुष्कळ बोल लावले. संसारात पडल्यावर शिकणे म्हणजे काय, हे रमाबाईंनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांनी सोसले होते.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. तेथे येणाऱ्या विद्यार्थिनी परकरातल्या मुली नव्हत्या. त्यांत विवाहित स्त्रिया होत्या, विधवा होत्या, कित्येकींच्या कडेवर मुले होती. इतर शाळांत मोठ्या वयाच्या बाईला लहान मुलींच्या रांगेत बसावे लागे आणि तेवढ्यानेच तिचे धैर्य खचे. सेवासदनाने प्रौढ स्त्रियांसाठी निराळे वर्ग काढले. शिकणाऱ्याच्या सोयीने शाळा चालविणे, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळी मोठीच होती.

यांपैकी काही स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेण्यास पाठविण्यात येऊ लागले. त्याबरोबर टीकेचा गहजब उठला. परक्या माणसांची घाण काढायची, कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवायचे, रात्री घराबाहेर राहायचे, हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे लोक म्हणत. घरात सासऱ्याची सेवा करणारी सून गुणी ठरे. तीच सेवा शिकून, वेतन घेऊन दुसऱ्याच्या सासऱ्याची केली की ती हीन ठरे! या युक्तिवादात कोणते तर्कशास्त्र होते, हे सांगणे कठीण आहे. रमाबाई वाद घालीत बसल्या नाहीत. त्यांनी शिकणाऱ्या स्त्रियांच्या राहण्याची व्यवस्था केली, त्यांना धीर दिला आणि आपले काम चालू ठेवले. सेवासदनाची शाखा पुढे सोलापुरातही निघाली.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख यांनीही खंडित झालेले आपले शिक्षण मोठेपणी पुरे केले होते. या मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. शाळा अर्धवट सोडावी लागलेल्या स्त्रियांनी थोड्या काळात शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचावे आणि पुढे परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका अशा कामांचे शिक्षण घ्यावे, असा त्यामागील हेतू होता.

आज माढ्यातील एखाद्या गृहिणीने परिचारिका व्हायचे ठरविले, तर तिला प्रथम आपले शालेय शिक्षण पाहावे लागते. या शिक्षणासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. बारावी राहिली असेल, तर सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेस बसता येते. त्यानंतर मार्ग फुटतात. साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा आणि पदवीचा चार वर्षांचा असतो. पदवीसाठी जीवशास्त्रासह विज्ञान शाखा घेतलेली असावी लागते. प्रवेशाला वयाचेही नियम असतात. म्हणून विचार करण्यातच वर्षे घालवून चालत नाही.

कोणी म्हणेल, जिने दोन मुले वाढविली आणि घरातली दुखणी काढली, तिला आणखी काय शिकवायचे? शिकवायचे ते माप. घरातील शुश्रूषा अंदाजाने चालते. भाकरीच्या पिठात मीठ चिमटीने पडते आणि ते बरोबर पडते. पण जुलाबाने गळून गेलेल्या बालकासाठी साखर-मिठाचे पाणी करताना चिमटीचा भरवसा धरता येत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे त्याचे माप. मीठ अधिक झाले, तर तेच पाणी बालकाला अपाय करते. औषधाचेही तसेच. बालकाला २५० मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे आणि बाटलीतील ५ मिलिलिटरमध्ये ते १२५ मिलिग्रॅम आहे, तर किती मिलिलिटर द्यावे? हे त्रैराशिक सातवीतला विद्यार्थीही सोडवील. मात्र रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवर रोगी कण्हत असताना, ते न चुकता सोडवावे लागते. दशांशचिन्ह एक घर सरकले, तर मात्रा दहापट होते.

दुसरी गोष्ट हात धुण्याची. ती तर आई मुलांना रोजच सांगते. परंतु त्यामागचे कारण कळण्यासाठी जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. १८४७ साली व्हिएन्ना येथील सेमेल्वाइस नावाच्या डॉक्टरला असे दिसले, की शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांच्या हातूनच बाळंतिणींना प्राणघातक ताप जडतो. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. आदल्या वर्षी त्या विभागात शेकडा दहांहून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या. नंतरच्या वर्षी ते प्रमाण शेकडा दोनांच्याही खाली आले. तरी त्याच्या बरोबरीच्या पुष्कळ डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. परिचारिकेला हात धुण्याचा विधी इतका घोटून शिकवितात, त्याचे कारण या इतिहासात आहे.

अभ्यासाइतकाच अवघड असतो तो दिवसाचा हिशेब. या शिक्षणात व्याख्यानांबरोबर रुग्णालयातील प्रत्यक्ष काम असते आणि ते पाळ्यांनी चालते. सकाळची पाळी असली, की पहाटेची चूल कोणी पेटवायची? रात्रपाळी असली, की धाकट्याला कोणी निजवायचे? सोलापूरला शिकायला जायचे, तर रोजचा आगगाडीचा किंवा एस.टी.चा प्रवास, नाही तर वसतिगृहात राहणे. येथे घरातील माणसांची परीक्षा सुरू होते. पतीने भाकरी थापायला शिकणे, सासूने नातवंडांचे करणे, बारा वर्षांच्या मुलाने आपला डबा आपण भरणे, ही कामे कोणी उचलली नाहीत, तर शिकणारीचा उत्साह दोन-चार महिन्यांतच मावळतो. मुलांनाही आरंभी जड जाते. शाळेतून आल्यावर दाराला कुलूप दिसणे कोणाला आवडेल? परंतु एकाच दिव्याखाली मुलगी भूगोलाचे आणि आई शरीरशास्त्राचे पाठ करीत आहे, हाडांची नावे मुलगीच आईकडून म्हणवून घेत आहे, अशी घरेही असतात.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. त्यावाचून हे काम करता येत नाही. मग एखादीची नेमणूक खेड्यातील उपकेंद्रात होते. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचा दंडक आहे. तेथील आरोग्यसेविका बालकांना लसी टोचते, गरोदर स्त्रियांचे वजन व रक्तदाब पाहते, आणि जिची प्रकृती नाजूक दिसेल तिला वेळीच मोठ्या रुग्णालयात धाडते. लोक तिला नर्सबाई म्हणतात. बाळाला टोचून घेण्यास भिणारी एखादी तरुण आई दारात घुटमळली, की नर्सबाई प्रथम सुई हातात घेत नाही. ती बाळाला आपल्या मांडीवर घेते, आणि टोचल्यानंतर ताप आला तर काय करावे, हे त्या आईला सावकाश सांगते.