जुनं आउटबोर्ड मशीन बांधलंत, आता टायमिंग कसं लावाल?

किनारपट्टीवर बोटीच्या मशीन रिपेअरिंगचा छोटा धंदा सुरू करायचा विचार करताय? मग हे नीट वाचा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मशीन उघडायला हाच निवांत काळ. पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवीन टाकली, मशीन सुरू झालं, की काही जण पैसे घेऊन मोकळे होतात. चूक तिथेच होते. टायमिंग चुकलेलं मशीन गॅरेजमध्ये चालतं आणि भर समुद्रात दगा देतं. तिथे धक्का मारायला कोणी नसतं.

टायमिंग म्हणजे काय? पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. ५००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १२ मिलिसेकंदांत होतो. म्हणजे १ मिलिसेकंदात ३० अंश! ठिणगी फार लवकर पडली तर नॉकिंग होऊन पिस्टनला भोक पडू शकतं. उशिरा पडली तर ताकद जाते, मशीन तापतं.

जुन्या पॉइंटवाल्या दोन सिलिंडर टू-स्ट्रोक मशीनचं काम असं करा:

१. फ्लायव्हील पुलरनेच काढा, हातोड्याने ठोकू नका. चावी बघा. ती जरा जरी कातरली असेल, तर पुढची सगळी मेहनत वाया.

२. आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं. जॉन्सन-एव्हिनरूडच्या बऱ्याच जुन्या मॉडेलना ०.०२० इंच गॅप लागतो, पण तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय आकडा धरू नका.

३. प्लग काढून त्या जागी डायल गेज लावा आणि पिस्टनचं सर्वांत वरचं टोक शोधा. मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी खूण करा. क्रँक मशीन चालतं त्याच दिशेने फिरवून खुणेवर आणा.

४. पॉइंटपासून कॉइलची वायर सोडवा. नाहीतर कॉइलमधून करंट जातो आणि मीटरचा बझर वाजतच राहतो. फुल अॅडव्हान्सच्या स्थितीत, खुणेवर बझर थांबला पाहिजे. दुसरा सिलिंडरही तपासा. दोन्ही पॉइंट बरोबर १८० अंशांच्या अंतराने उघडले पाहिजेत.

५. फ्लायव्हीलचा नट टॉर्क रेंचनेच आवळा. ढिला राहिला तर चावी कातरते.

६. शेवटी पाण्याच्या टाकीत मशीन चालवून टायमिंग लाइटने खात्री करा. पाण्याशिवाय अजिबात चालवू नका, पंपाचा इंपेलर जळतो. लोडशिवाय फुल रेस करू नका. फिरत्या फ्लायव्हीलपासून हात आणि कपडे लांब ठेवा.

सीडीआयवाल्या मशीनला पॉइंट नसतात. तिथे मॅन्युअलप्रमाणे टायमिंग लाइटनेच काम होतं.

आता धंद्याची गोष्ट. जॉब कार्डवर कॉम्प्रेशन, गॅप, टायमिंग आणि टॉर्क हे चारही आकडे लिहा आणि एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. बिलात टायमिंगची मजुरी वेगळी दाखवा. मालकाला सोबत घेऊन किनाऱ्याजवळ एक फेरी मारा. यात तुमचा अर्धा दिवस जाईल. पण मशीन परत आलं तर मजुरी तर बुडतेच, शिवाय बंदरावर नावही जातं. आणि बंदरावर बातमी पसरायला वेळ लागत नाही!

तुमच्या गावात हे काम कोण करतं? आधी त्याच्या हाताखाली एक सीझन काढा, मग स्वतःचं शटर उघडा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!