घाबरू नका, आधी वायर बदला!

पूर्वी लग्नकार्यात फोटोग्राफर जे टिपायचा तेच अल्बममध्ये यायचं आणि अल्बम जायचा कपाटात. आता तसं राहिलं नाही. भद्रा मारुतीच्या दर्शनाला श्रावणी शनिवारी रात्रभर चालत आलेली माणसं, नातवाचं जावळ, बचत गटाने वेरूळला लावलेला स्टॉल, सगळं आपल्याच फोनमध्ये असतं. फोटो काढायला आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. घोडं अडतं ते पुढं. फोन भरतो, बँकेच्या प्रस्तावाला कामाचे फोटो जोडायचे असतात, अहवाल टाइप करायचा असतो. मग फोन कॉम्प्युटरला जोडला, की पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत पाटी येते, ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. म्हणजे कॉम्प्युटर म्हणतो, हे काय जोडलंय मला कळत नाही!

खुलताबाद तालुक्यातल्या बचत गटांच्या कामात ही पाटी मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता ती जुन्या शेजारणीसारखी वाटते. मी बी. ए. झालेली बाई, कॉम्प्युटरचं शिक्षण एमएस-सीआयटीपुरतं. तरी सांगते मैत्रिणींनो, दहातल्या बऱ्याच वेळा बिघाड नसतोच. क्रमाने तपासलं की घरच्या घरी उलगडा होतो. उलट घाईने कुणाच्या तरी सांगण्यावरून बटण दाबलं, तर होत्याचं नव्हतं होतं.

बडोद्याचा माणूस आणि घरातला प्रिंटर

आधी थोडं या यूएसबीबद्दल. जुने कॉम्प्युटर आठवा. जांभळी पिन कीबोर्डची, हिरवी माउसची, प्रिंटरची तर भलीमोठी, स्क्रूने आवळायची. हा गोंधळ संपवायला १९९६ मध्ये यूएसबी आली. ती घडवणाऱ्यांत पुढं होते इंटेल कंपनीतले अजय भट्ट. शिक्षण आपल्या ओळखीच्या नावाच्या विद्यापीठात, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. मुलीच्या शाळेच्या कामाचं प्रिंट काढताना पत्नीची झालेली दमछाक पाहून ही कल्पना डोक्यात आली, असं त्यांनी सांगितलं आहे. म्हणजे ही सोय मुळात घरातल्या बाईची अडचण बघूनच निघाली. मग आपण तिला का भ्यायचं?

पहिला संशय वायरवर

साध्या यूएसबी वायरच्या पोटात चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहिती नेण्या-आणण्याच्या. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही वायरींमध्ये फक्त विजेच्या दोन असतात. अशा वायरीने फोन छान चार्ज होतो, पण फोटो काही हलत नाहीत. आपण म्हणतो, ‘चार्जिंग तर होतंय, मग वायर कशी खराब?’ नेमकं तिथंच फसतो. घरात दुसरी वायर असेल तर ती लावून बघा. विकत घेताना ‘डेटा केबल द्या’ असं स्पष्ट सांगा. नव्या फोनांबरोबर दोन्ही टोकांना सी टाइपची पिन असलेली वायर येते, ती जुन्या कॉम्प्युटरला बसतच नाही. तिथं एका टोकाला चपटी जुनी पिन आणि दुसऱ्या टोकाला सी टाइप, अशी वायर लागते. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन आणि कॅमेऱ्यांना सी टाइपचीच पिन सक्तीची झाली आहे. त्यामुळे पुढंमागं हा वायरींचा गुंता कमी होईल. तोवर वायर जपून ठेवा.

फोनची पिन बसते त्या भोकात खिशातला, पर्समधला कचरा साचतो. फोन बंद करून बारीक लाकडी काडीने हलक्या हाताने तो काढा. सुई, टाचणी घालू नका.

फोनचं कुलूप उघडा

वायर चांगली आहे, कॉम्प्युटरवर फोनचं नावही दिसतं, पण आत बघावं तर रिकामं! फोटो गेले म्हणून छातीत धस्स होतं. गेलेले नसतात. फोन लॉक असेल तर तो आतलं काही दाखवत नाही. शिवाय २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोन जोडला की तो स्वतःहून फक्त चार्जिंगवर राहतो. हे आपल्या सुरक्षेसाठीच आहे. लॉक उघडा, वरून खाली बोट ओढा, ‘चार्जिंग धिस डिव्हाइस’ अशी ओळ दिसेल. तिच्यावर टेकवून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा. आयफोन असेल तर तो ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर?’ विचारतो. कॉम्प्युटर आपला असेल तरच हो म्हणा.

कॅमेऱ्याने काढलेले फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरात असतात. व्हॉट्सॲपवर आलेले तिथं सापडत नाहीत. नव्या फोनांत ते ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’ आणि त्यात व्हॉट्सॲपच्या फोल्डरात असतात.

सीपीयूच्या मागं वळा

आपण वाकायचा कंटाळा म्हणून सीपीयूच्या पुढच्या भोकांत वायर खुपसतो. ती भोकं आतल्या एका वायरने मुख्य बोर्डाला जोडलेली असतात, ती ढिली पडते, धूळ बसते. मागची भोकं थेट बोर्डावरच असतात. तिथं लावून बघा. एका भोकातून चार भोकं करणारा हब असेल तर तो काढा, वीज वाटली जाते आणि फोनला पुरत नाही.

तरी जमलं नाही तर कॉम्प्युटर नीट बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद करा आणि चहा पिऊन या. पाच मिनिटांनी सुरू करा. हा उपाय हसण्यासारखा वाटतो, पण अडकलेली यूएसबी पुष्कळदा यानेच सुटते.

शेवटचा उपाय असा. स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तिथं फोनच्या नावावर किंवा ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ या ओळीवर पिवळं चिन्ह दिसलं, तर त्यावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा. वायर काढा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, मग फोन जोडा. याने कॉम्प्युटरच्या डोक्यातली चुकीची ओळख पुसते आणि तो नव्याने ओळख करून घेतो. फोनमधलं काहीही जात नाही.

‘फॉरमॅट’ला नाही म्हणा

आता सर्वांत महत्त्वाचं. आमच्या गटातल्या एका ताईंकडे जुना डिजिटल कॅमेरा आहे. त्यांचे मालक गेले, त्याआधी सगळं कुटुंब म्हैसमाळला गेलं होतं, तिथले फोटो त्यातच. मुलीला छापून हवे होते. कॅमेऱ्याची मूळ वायर हरवलेली, म्हणून कार्ड काढून जुन्या कार्ड रीडरमध्ये घातलं. पाटी आली, हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करायचं का? पुतण्या म्हणाला, ‘काकू, करून टाकतो, म्हणजे चालू होईल.’ ताईंनी त्याचा हात धरला आणि मला फोन केला.

मी एवढंच विचारलं, ‘कार्ड परत कॅमेऱ्यात घाला, फोटो दिसतात का?’ दिसत होते. म्हणजे कार्ड धडधाकट होतं, अडाणी होता तो रीडर. अगदी जुने रीडर २ जीबीपर्यंतचीच कार्डं वाचतात. त्यापुढच्या, ४ ते ३२ जीबीच्या कार्डांची बांधणी वेगळी असते. ताईंचं कार्ड ८ जीबीचं. नवा रीडर आणला आणि फोटो एका मिनिटात उघडले. मालक कठड्याला टेकून उभे, डोक्याला रुमाल. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे, पाटी पुसून कोरी करणं. पाटीवर काय लिहिलंय ते हवं असेल तर पुसायचं नाही. चुकून पुसलं गेलंच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड बाजूला ठेवून जाणकाराकडे द्या. वर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर फोटो परत मिळण्याची आशा असते.

कॅमेरा वायरने जोडणार असाल तर तो चालू ठेवा आणि बॅटरी भरलेली असू द्या. नाहीतर तो मध्येच झोपी जातो आणि आपण दोष कॉम्प्युटरला देतो.

कट नको, कॉपी करा

फोटो घेताना ‘कट’ करू नका. मध्येच लाइट गेली किंवा वायर हलली, तर ना इथं ना तिथं अशी गत होऊ शकते. ‘कॉपी’ करा, एकदम हजार न घेता थोडे थोडे घ्या, उघडून बघा आणि मगच फोनमधले पुसा. घरातल्या मोलाच्या फोटोंची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. पेन ड्राइव्ह किंवा रीडर काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा.

आणि दुकानात जायची वेळ आली तर? फोनचा पासवर्ड सांगून फोन ठेवून येऊ नका. आपल्या फोनमध्ये लेकी-सुनांचे फोटो असतात, बँकेचे मेसेज असतात. शेजारी बसा, हवं ते फोल्डर आपणच दाखवा आणि काम झाल्यावर दुकानाच्या कॉम्प्युटरवरून, त्याच्या रिसायकल बिनमधूनही ते पुसायला लावा. दुकानदार ओळखीचा असला तरी हे सांगायला लाजू नका. दळण आणताना आपण गिरणीत उभ्या राहतोच की!

या आठवड्यात एक करा. दुपारी घर शांत असेल तेव्हा फोन जोडून बघा, जुने दहा फोटो कॉम्प्युटरवर घ्या. अडलात तर वायर, फोनचं लॉक, मागचं भोक आणि चहा, या क्रमाने जा. जमलं की शेजारच्या वहिनींनाही शिकवा.