अडखळ आणि मंदगती : संगणकीय खेळांतील दोषांचा विवेक

इंग्रजीतील ‘स्टटर’ हा शब्द मुळात वाणीच्या दोषाचा होय. संगणकावरील खेळाचे चित्र वाहता वाहता क्षणभर थबकले, की त्या दोषासही आता हाच शब्द लावतात. आपल्याकडे मात्र ‘गेम लॅग होतो’ या एकाच वाक्यात निदान तीन भिन्न दोष कोंबले जातात. आणि नाव एक, म्हणून उपायही एकच सुचतो : नवे ग्राफिक्स कार्ड. हा उपाय महाग असून पुष्कळदा निरुपयोगी ठरतो. संज्ञांचा गोंधळ केवळ कोशकारास छळतो असे नाही, तो सामान्य कुटुंबाच्या खिशासही भोवतो. यास्तव हा विषय येथे मांडीत आहे.

वसई तालुक्यातील निर्मळ येथे आमच्या नात्यातील एक कुटुंब राहते. सोनचाफ्याची वाडी, पहाटे दादरच्या बाजारात फुले पोचवायची, असा त्यांचा क्रम. गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलाने नव्या कार्डासाठी हट्ट धरला. वाडीच्या उत्पन्नातून पंचवीस-तीस हजार रुपये काढण्यापूर्वी “तू जरा बघ” असे त्याच्या वडिलांनी मला सांगितले.

प्रथम मापनाचा विचार करू. पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची, म्हणजे फ्रेमांची, मालिका. सेकंदाला 60 फ्रेमा हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम सिद्ध होण्यास सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. समजा, एका सेकंदात 55 फ्रेमा प्रत्येकी 16 मिलिसेकंदांत आल्या व एक फ्रेम 120 मिलिसेकंद रेंगाळली. सेकंदाची सरासरी 56 भरते. आकडा निर्दोष दिसतो. परंतु त्या एका फ्रेमेच्या काळात सात फ्रेमांइतके चित्र गोठलेले असते. मिनिटाला एकशेवीस शब्द बोलणारा मनुष्य अडखळतो की नाही, हे शब्दसंख्येवरून कळत नाही. दोन शब्दांमधील विराम मोजावे लागतात. या क्षेत्रातही स्कॉट वॉसन यांनी 2011 मध्ये सरासरीऐवजी प्रत्येक फ्रेमेचा काळ मोजण्याचा आग्रह धरला, आणि पुढे ती पद्धत रूढ झाली. आज ‘प्रेझेंटमॉन’सारख्या विनामूल्य साधनाने हा काळ कोणासही नोंदता येतो.

या मापनाच्या आधारे तीन दोष वेगळे करता येतात. फ्रेमांचा काळ सातत्याने वाढलेला असेल, तर ती मंदगती. काळ एरवी समान असून मध्येच उंच सुळका येत असेल, तर ती अडखळ. आपला कॅमेरा सुरळीत फिरतो, पण इतर खेळाडू मात्र उड्या मारल्यासारखे दिसतात, असे असेल तर दोष जाळ्याचा, म्हणजे इंटरनेटच्या विलंबाचा. खरा ‘लॅग’ तोच.

मंदगतीची परीक्षा सोपी आहे. चित्राचे रेझोल्यूशन कमी करावे. वेग वाढला, तर भार ग्राफिक्स कार्डावर होता. न वाढल्यास तो बहुधा प्रोसेसरवर आहे, व नवे कार्ड घेऊन काहीच साधणार नाही. अडखळीची कारणे याहून विविध आहेत. प्रकाश व रंग यांची गणिते करणारे ‘शेडर’ हे लघुकार्यक्रम त्या त्या कार्डाच्या भाषेत रूपांतरित व्हावे लागतात. ते ऐनवेळी झाले, तर दुभाष्या शब्द शोधीत थांबावा तसे चित्र थांबते. 2022 साली आलेल्या ‘एल्डन रिंग’ या खेळात समर्थ संगणकांवरही अडखळ आढळली होती, हे ध्यानात घ्यावे. शेडरची अडखळ त्याच जागी दुसऱ्यांदा सहसा होत नाही. प्रत्येक फेरीत तेथेच होत असेल, तर संशय मंद हार्ड डिस्कवर, अपुऱ्या रॅमवर किंवा कार्डाच्या भरून गेलेल्या मेमरीवर घ्यावा.

निर्मळच्या संगणकावर आम्ही लघुतम युग्माची रीत वापरली. भाषाभ्यासात एकच ध्वनी बदलून अर्थभेद होतो का, हे पाहतात. येथे खेळातील एकच वाट निवडून, प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून, तीन तीन फेऱ्या मोजल्या. प्रारंभी गती उत्तम होती. पंधरा मिनिटांनी ती उतरू लागे. तापमानाची नोंद पाहता कारण उघड झाले. संगणक भिंतीच्या कोनाड्यात होता, पंख्यांवर धुळीचा थर होता, आणि मे महिन्यातील किनाऱ्याजवळची हवा मुळातच तापलेली. ठरावीक मर्यादेपलीकडे तापलेले यंत्र स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच उतरवते. संगणक बंद करून धूळ काढली, तो मोकळ्या जागी ठेवला, आणि मंदगती गेली.

अडखळ मात्र राहिली, व तीही प्रत्येक फेरीत त्याच वळणांवर. टेक्स्चरची प्रत एक पायरी उतरवली. फरक पडला नाही. म्हणजे कार्डाची मेमरी दोषी नव्हती. टेक्स्चर पूर्ववत करून खेळ जुन्या हार्ड डिस्कवरून त्याच संगणकातील एसएसडीवर हलवला. सुळके जवळजवळ नाहीसे झाले. नव्या प्रदेशात प्रथम शिरताना अल्पशी अडखळ अद्याप होते. ती शेडरची असावी, आणि ती कार्ड बदलूनही जाईल असे नाही.

खर्च शून्य झाला. एका यंत्रात दोन दोष एकत्र नांदत होते, आणि दोहोंना एकच नाव असल्यामुळे दोन्ही दिसत नव्हते. मंदगती, अडखळ व विलंब असा त्रिविध भेद मराठीत रूढ करावा, असे सुचवावेसे वाटते. ‘लॅग’ शब्दास माझी हरकत नाही. परंतु एका शब्दाने तिघांचे काम करू नये. त्या मुलाने हा भेद लगेच आत्मसात केला. आता मित्राने तक्रार केली, की तो प्रथम विचारतो, “हळू चालतो, की अडखळतो?” निदानाचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.