गणपतीत निसवणारं भात

कर्जतच्या भात संशोधन केंद्रात नव्याने रुजू झालेल्या संशोधकाला गणपतीला घरी जाणं अवघडच. जूनमध्ये पेरलेलं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात नेमकं त्याच सुमारास निसवतं, आणि संकराचं काम फुलोऱ्यातच करावं लागतं. भाताचं फूल सकाळी दहाच्या आसपास उमलतं, थोड्या वेळात मिटतं. म्हणून आदल्या दुपारीच लोंबी निवडायची, एकेका फुलाचं टोक कात्रीने छाटायचं, आतले सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि वर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. एवढं करून हाती मोजकेच दाणे लागतात.

पदवीची चार वर्षं, पदव्युत्तरची दोन, पुढे पीएच.डी., इतकं शिकलेल्या या मुलामुलींचा पावसाळा चिखलात जातो. प्रयोगशाळा आणि घर यांच्यामधली वेळ खोपोली लोकलची वाट पाहण्यात. खालापुरातल्या बांधावर गेलं की शेतकरी आधी विचारतो, ‘हळवं आहे का? पडतं का?’ परीक्षकाने विचारलेल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा मला हा कठीण वाटतो.

खरी अडचण वेळेची. संकरित दाण्यातली जनुकांची सरमिसळ दर पिढीला निम्मी होते. सहाव्या पिढीत ती बत्तिसाव्या हिश्श्यावर येते, तेव्हा कुठे वाण स्थिरावू लागतो. वर्षाला एकच पीक घेतलं तर यात सहा वर्षं जातात. प्रकल्पावरच्या तरुणाची नेमणूक बहुधा त्याआधीच संपते.

इथे कर्जतची जागा कामी येते. भिवपुरीचं वीजघर 1922 पासून सह्याद्रीवरचं पाणी खाली सोडतं, आणि तेच पाणी राजनाला कालव्याने उन्हाळ्यात शेतांत पोचतं. त्यामुळे वर्षात दोन पिढ्या घेता येतात. यंदाच्या पावसाळ्यात केलेल्या संकराची सहावी पिढी तीन वर्षांनंतरच्या खरिपात उभी राहते, करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. उशिरा तयार होणाऱ्या गरव्या वाणांना मात्र हा मार्ग नाही. दिवस आखूड झाल्याशिवाय ते निसवत नाहीत.

हे केंद्र 1919 मध्ये सुरू झालं. 1998 मध्ये प्रसारित झालेला ‘सह्याद्री’ हा संकरित वाणही इथलाच. पण नवा वाण प्रसारित करायचा तर सहाव्या पिढीनंतरही उत्पादनाच्या चाचण्या अनेक हंगाम चालतात, शेतकऱ्यांच्या शेतांवरसुद्धा. तरुण संशोधकाची नेमणूक निदान पाच वर्षांची असावी. स्वतःचा संकर त्या चाचण्यांत कसा ठरतो, हे त्याला बघता आलं पाहिजे.